स्क्रीनवरचं नाव वाचून फ्री डिशचा चॅनल लावायचा: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

परभणी, हिंगोली, बीडकडच्या खेड्यांत माळवदावर नाहीतर पत्र्यावर फ्री डिशची छत्री दिसतेच. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ही सेवा सुरू झाली. रिचार्ज नाही, कार्ड नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झालं. त्रास एकच. चॅनलचे नंबर टिकत नाहीत. प्रसार भारती खासगी चॅनलना जागा लिलावाने देते, त्यामुळे काही चॅनल जातात, काही नवे येतात, बॉक्स परत स्कॅन करावा लागतो आणि स्कॅन झाला की यादी इकडची तिकडे होते. ज्या आजीने ‘सह्याद्री म्हणजे हा नंबर’ असं पाठ करून ठेवलेलं असतं, तिची पंचाईत होते. लेकरं पुण्याला, घरी दुसरं कोणी नाही, आणि संध्याकाळच्या बातम्यांना दुसरंच काहीतरी चालू.

नंबर बदलतो, पण स्क्रीनवर येणारं नाव सहसा तेच राहतं. तेव्हा नंबर लक्षात ठेवण्याऐवजी नाव वाचणारं काहीतरी बसवायचं. या लेखात आपण रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) हा छोटा संगणक टीव्हीला जोडणार आहोत. त्यावर कोडी हा मीडिया प्लेअर चालेल. कोडीच्या मेन्यूत ‘सह्याद्री’ निवडलं की पाय फ्री डिश बॉक्सची स्क्रीन वाचेल, रिमोटचे सिग्नल पाठवेल आणि खरोखर सह्याद्री लागलं आहे याची खात्री करूनच थांबेल.

वाचायची गरज का पडते, ते आधी नीट समजून घ्या. इन्फ्रारेड रिमोट एकतर्फी असतो. तो सिग्नल सोडतो, पण बॉक्सला तो पोचला का, बॉक्स चालू होता का, मेन्यू उघडा होता का, यातलं त्याला काहीच कळत नाही. आपण रिमोट दाबतो तेव्हा आपले डोळे टीव्हीवर असतात, म्हणून काम भागतं. ‘मेन्यू, खाली, खाली, ओके’ असा क्रम यंत्राला पाठ करून दिला आणि त्यातलं एक बटण हुकलं, तर पुढची सगळी बटणं चुकीच्या जागी पडतात. कधी चॅनल पुसला जातो, कधी भाषा बदलते. म्हणून सुरुवातीपासून एक शिस्त पाळा: एक बटण पाठवायचं, स्क्रीन वाचायची, मगच दुसरं.

सामान

रास्पबेरी पाय ३ किंवा ४ पुरेसा आहे. सोबत चांगला ॲडॉप्टर आणि मेमरी कार्ड. चित्र आत घ्यायला यूएसबी कॅप्चर स्टिक लागते. सिग्नल पाठवायला ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ६८ ओहम आणि १ किलोओहमचा एकेक रेझिस्टर घ्या. रिमोटचे कोड शिकायला एक इन्फ्रारेड रिसीव्हर लागेल. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातही मिळतात. पाय आणि कॅप्चर स्टिक मात्र संभाजीनगर, लातूर, नांदेडसारख्या ठिकाणाहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते.

रिसीव्हर घेताना एक काळजी घ्या. दुकानात ‘१७३८’ मागितलं की टीएसओपी १७३८ हातात पडतो. तो ५ व्होल्टचा आहे. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि ५ व्होल्ट आले तर त्या जळतात. टीएसओपी ३८२३८ किंवा व्हीएस १८३८बी घ्या. हे दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात.

बॉक्सचं चित्र आत घेणं

फ्री डिशच्या बऱ्याच बॉक्सना मागे दोन वाटा असतात: एचडीएमआय, आणि पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जुनी एव्ही. अनेक बॉक्समधून दोन्हींतून एकाच वेळी चित्र येतं. तुमच्या बॉक्सचं येत असेल तर एचडीएमआय टीव्हीला राहू द्या आणि पिवळी पिन एव्ही कॅप्चर स्टिकला द्या. टीव्हीच्या जोडणीला हात लावायची गरजच पडत नाही, म्हणून मी ही वाट पहिली सुचवतो. चित्र पाल पद्धतीचं, ७२० बाय ५७६ पिक्सेलचं मिळतं. अक्षरांच्या कडा थोड्या पसरट दिसतात, पण चॅनलचं नाव वाचण्यापुरतं ते चालतं. एव्ही स्टिक घेताना ती लिनक्सवर चालते का हे पाहून घ्या; एसटीके ११६० चिप असेल तर तिचा ड्रायव्हर लिनक्समध्येच आहे.

एव्ही नसेल तर एचडीएमआय स्प्लिटर लावून एक फाटा टीव्हीला आणि एक एचडीएमआय कॅप्चर स्टिकला द्यावा लागतो. या स्टिक वेबकॅमसारख्या ओळखल्या जातात, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. चित्रही जास्त स्वच्छ येतं.

पैसे भरून पाहायच्या डीटीएच बॉक्सवर ही वाट बहुधा बंद असते. एचडीएमआयवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं आणि कॅप्चरमध्ये नुसती काळी स्क्रीन येते. ते कुलूप फोडायच्या नादी लागू नका. प्रताधिकार कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं, ते असल्या कुलपांबद्दलच आहे. आपल्याला कार्यक्रम साठवायचाच नाही, चार अक्षरं वाचायची आहेत. त्यासाठी टीव्हीसमोर वेबकॅम लावला तरी भागतं. वेबकॅम हलणार नाही असा घट्ट बसवा आणि खिडकीचा उजेड स्क्रीनवर पडणार नाही असं पाहा. स्क्रीनवर आडवे पट्टे दिसले तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा.

चित्र आलं की बॉक्सच्या मेन्यूत जाऊन ओएसडी (स्क्रीनवर उमटणारी अक्षरं आणि पट्ट्या) सेटिंग शोधा. तिथे खालची पट्टी किती सेकंद राहावी ते ठरवता येतं. ते जास्तीत जास्त करा. पट्टीची पारदर्शकता असेल तर पूर्ण बंद करा. मागच्या मालिकेचं चित्र अक्षरांतून डोकावत असेल तर कोणताही प्रोग्राम गोंधळतो, आणि ते नंतर कोडने निस्तरण्यापेक्षा इथे दोन बटणं दाबून मोकळं होणं केव्हाही बरं.

अक्षरं वाचणं

वाचायला टेसरॅक्ट हे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर वापरू. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात ते तयार झालं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं आणि २००६ पासून गूगलने त्यावर काम केलं. ते फुकट आहे आणि रास्पबेरी पायच्या नेहमीच्या पॅकेजमधूनच बसवता येतं. मराठीची भाषा-फाइलही मिळते, पण फ्री डिश बॉक्सवर चॅनलची नावं इंग्रजी अक्षरांत येतात, म्हणून इंग्रजी फाइल ठेवा. बॉक्सचा मेन्यू हिंदीत असेल तर तोही इंग्रजी करून टाका. दोन लिप्या एकत्र आल्या की वाचन बिघडतं.

आख्खी स्क्रीन टेसरॅक्टपुढे टाकू नका. नवखे लोक हेच करतात, मग बातम्यांच्या खालच्या पट्टीपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत सगळं वाचून येतं आणि हाती काही लागत नाही. चॅनल बदलला की नाव नेमकं कुठे येतं ते पाहा. एक फ्रेम फाइलमध्ये घ्या, चित्राच्या प्रोग्राममध्ये उघडा आणि नावाच्या चौकोनाचे चार आकडे टिपून घ्या: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची. ते आकडे त्या बॉक्ससाठी कायमचे. पुढे तेवढाच तुकडा कापायचा.

कापलेल्या तुकड्यावर ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरने चार गोष्टी करायच्या. आधी रंग काढून तो करडा करा. मग दुप्पट-तिप्पट मोठा करा, म्हणजे मोठ्या अक्षराची उंची ३० पिक्सेलच्या आसपास येते. टेसरॅक्टला तेवढी मानवते. मग ओत्सू पद्धतीने (ती गडद आणि फिकट यांतली सीमा आपोआप ठरवते) नुसतं काळं आणि पांढरं उरवा. शेवटी तुकड्यात काळे पिक्सेल जास्त आहेत का ते मोजा, आणि असतील तर उलटं करा. ही शेवटची गोष्ट विसरू नका. टीव्हीच्या पट्ट्या बहुतेक गडद असतात आणि अक्षरं पांढरी. टेसरॅक्टच्या चौथ्या आवृत्तीपासून त्याला पांढऱ्यावर काळी अक्षरं लागतात. चारही बाजूंनी दहाएक पिक्सेलची पांढरी चौकट ठेवली तर कडेचं अक्षर सुटत नाही.

टेसरॅक्टला ‘पीएसएम ७’ सांगा, म्हणजे ते तुकड्याला एकच ओळ समजून वाचेल. ठरावीक अक्षरांचीच परवानगीही देता येते: इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मोकळी जागा. बाकी चिन्हांचा कचरा आपोआप कमी होतो.

तरीही चुका येतील. इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य, ‘आय’ आणि एक, ‘एस’ आणि पाच, ‘बी’ आणि आठ या जोड्या नेहमी गोंधळतात. म्हणून वाचलेलं नाव जसंच्या तसं जुळण्याची अट घालू नका. आपल्या चॅनलच्या नावांची यादी करून ठेवा आणि वाचलेलं नाव यादीतल्या कोणाच्या सर्वांत जवळ आहे ते पाहा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत यासाठी डिफलिब आहे. ते दोन नावांमधलं साम्य ० ते १ मध्ये देतं.

इथे एक सापळा आहे. ‘डीडी न्यूज’ हे नाव इंग्रजीत मोकळी जागा धरून ७ अक्षरांचं, आणि ‘डीडी न्यूज एचडी’ १० अक्षरांचं. डिफलिबच्या हिशेबाने दोन्हींचं साम्य दोन गुणिले ७ भागिले १७, म्हणजे ०.८२ येतं. तुम्ही ०.८ च्या वर असेल ते बरोबर धरलं तर एकाच्या जागी दुसरं खुशाल पास होईल. म्हणून दोन अटी ठेवा: पहिल्या क्रमांकाचं नाव ०.८ च्या वर असावं, आणि पहिल्या-दुसऱ्यात किमान ०.१ चं अंतर असावं. सारख्या नावांची भावंडंही यादीत घाला, ती तुम्हाला पाहायची नसली तरी; ती यादीत असतील तरच दुसरी अट काम करते. शिवाय तीन फ्रेम वाचा आणि दोन जुळल्या तरच निकाल धरा.

रिमोट शिकणं आणि सिग्नल पाठवणं

रिसीव्हरच्या तीन पायांपैकी एक ३.३ व्होल्टला, एक ग्राउंडला आणि आउटपुट पायच्या जीपीआयओ (सिग्नल घेणारी-देणारी पिन) १७ ला. पायांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो, डेटाशीट पाहूनच लावा. पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘जीपीआयओ-आयआर’ ओव्हरले (पिनेचं काम ठरवणारी ओळ) पिन १७ साठी आणि ‘जीपीआयओ-आयआर-टीएक्स’ पिन १८ साठी लिहा आणि रीस्टार्ट करा. मग ‘आयआर-कीटेबल’ ही कमांड चाचणीच्या पर्यायासह चालवून बॉक्सचा रिमोट रिसीव्हरसमोर दाबा. स्क्रीनवर पद्धत आणि कोड येतात. एनईसी पद्धत बरीच आढळते: ३८ किलोहर्ट्झची लहर, सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा ठोका, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता, मग ३२ बिट. शून्य ते नऊ, ओके, एक्झिट, पॉवर, इन्फो आणि पान वर-खाली, एवढ्यांचे कोड वहीत उतरवा.

पाठवायची जोडणी अशी: ५ व्होल्टपासून ६८ ओहम, तिथून एलईडी, तिथून ट्रान्झिस्टरचा कलेक्टर, एमिटर ग्राउंडला, बेस १ किलोओहममधून जीपीआयओ १८ ला. एलईडीतून साधारण ५० मिलिअँपिअर जातात, बीसी ५४७ ला ते झेपतं. एलईडी थेट पिनेला लावू नका. पायच्या एका पिनेची कुवत १६ मिलिअँपिअरची. ‘आयआर-सीटीएल’ या कमांडने एखादा कोड पाठवा आणि मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून एलईडी पाहा. डोळ्यांना न दिसणारा उजेड तिथे जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसेल. दिसला नाही तर बहुधा एलईडीचे पाय उलटे लागलेत.

दोन बटणांमध्ये ३०० मिलिसेकंद तरी जाऊ द्या. स्वस्त बॉक्सचा मेन्यू हळू उघडतो. त्याला वेळ न दिल्यास तुम्ही पाठवलेला आकडा तो गिळतो.

चॅनल शोधायची रीत

सगळ्यात आधी बॉक्स चालू आहे का हे ओळखायचं. पॉवरचं बटण दुहेरी असतं, चालू बॉक्सवर पडलं की तो बंद होतो, म्हणून ते आंधळेपणाने पाठवता येत नाही. स्क्रीन काळी आहे एवढ्यावरही जाऊ नका. मालिकेतल्या रात्रीच्या दृश्यातही ती काळी असते. यावर इन्फोचं बटण हा मला सापडलेला सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. त्याने काही बिघडत नाही, फक्त खालची पट्टी येते. इन्फो पाठवा, पट्टी वाचा. नाव वाचता आलं तर बॉक्स जागा आहे. दोनदा पाठवूनही काही आलं नाही, तरच एकदा पॉवर पाठवा, बॉक्स उठेपर्यंत थांबा आणि परत इन्फोने विचारा.

मग चॅनल. मागच्या वेळी सह्याद्री ज्या नंबरावर सापडलं तो फाइलमध्ये साठवलेला असेल. आधी तोच नंबर पाठवा आणि पट्टीवरचं नाव वाचा. जुळलं तर काम संपलं, आणि बहुतेक दिवशी इथेच संपतं. जुळलं नाही म्हणजे यादी हलली आहे. तेव्हा ओके दाबून चॅनलची यादी उघडा आणि एकेका ओळीचा तुकडा कापून नंबर आणि नाव दोन्ही वाचा. नंबराच्या तुकड्याला फक्त आकड्यांची परवानगी द्या. पान संपलं की पुढचं पान. सह्याद्री दिसलं की त्याच्या शेजारचा नंबर घ्या, एक्झिट दाबा, तो नंबर पाठवा, परत पट्टी वाचून खात्री करा आणि नवा नंबर साठवा. यादीत वर-खाली करत निवडलेल्या ओळीचा पाठलाग करायची गरज नाही. निवडलेली ओळ वेगळ्या रंगाची असते, पण प्रत्येक ओळीवर ओत्सू आणि उलटापालट स्वतंत्रपणे केली तर तीही नीट वाचली जाते.

पहिल्या पानावरची नावं परत दिसू लागली की थांबा. यादी गोल फिरून आली, चॅनल सध्या बॉक्सवर नाही. स्कॅन आपोआप करायचा मोह होईल, तो टाळा. अर्धवट स्कॅनमध्ये लाईट गेली तर यादीच रिकामी व्हायची. स्कॅन माणसाने समोर बसून करावा.

‘नो सिग्नल’ हे शब्दही यादीत घाला, आणि ते वाचले की सगळं थांबवून पाच मिनिटांनी परत पाहायला सांगा. फ्री डिश केयू बँड या उपग्रह लहरींवर येते आणि जोराच्या पावसात हा सिग्नल क्षीण होतो, हे आपल्याकडे जून ते सप्टेंबर चालायचंच. पाऊस उघडल्यावरही तेच राहिलं तर छत्री हललेली असते. फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीत, गारपिटीत हे हमखास होतं. तेव्हा कोडीवर ‘छत्री पाहून घ्या’ असा मराठीत निरोप दाखवा.

कोडीला जोडणं

वाचायचा आणि पाठवायचा प्रोग्राम वेगळा, कायम चालू राहणारी सेवा म्हणून ठेवा. कोडीत फक्त एक छोटं ॲड-ऑन करा, जे त्या सेवेला चॅनलचं नाव कळवेल. ते आवडीच्या यादीत घातलं की कोडीच्या पहिल्या पानावरून उघडतं. टीव्हीला एचडीएमआय-सीईसी असेल तर टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालतो. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिमलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करावं लागतं. टीव्ही कोडीवरून बॉक्सच्या इनपुटवर नेण्यासाठी टीव्हीच्या रिमोटचा थेट एचडीएमआय निवडायचा कोड असेल तर तोही त्याच एलईडीने पाठवा. नसेल तर सोर्सचं बटण हातानेच दाबावं लागेल.

ज्यांना मेन्यूच जड जातो त्यांच्यासाठी टीव्ही कायम बॉक्सवर ठेवा आणि दाराच्या बेलचं बटण लावा: एक वायर ग्राउंडला, एक रिकाम्या जीपीआयओला, पायच्या आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन ३.३ व्होल्टवर ठेवणारा रेझिस्टर) चालू. एका बटणाला एक चॅनल. त्या बटणाला घरच्या २३० व्होल्टची वायर कधीही जवळ येऊ देऊ नका, आणि भिंतीतल्या जुन्या बेलच्या पेटीत ते बसवू नका.

लाईट जाण्याने पायचं मेमरी कार्ड खराब होतं. सगळं नीट चालायला लागलं की रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू करा, म्हणजे कार्डवर काही लिहिलं जात नाही. साठवलेल्या नंबरांची फाइल मात्र वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी लाईट आली की यादी पहिल्यापासून शोधावी लागेल. त्याच पेन ड्राइव्हवर जुळणी न झालेल्या प्रत्येक तुकड्याचं चित्र, वाचलेलं नाव आणि वेळ साठवा. एखाद्या वाहिनीने नावात ‘एचडी’ जोडलं किंवा पट्टीचा रंग बदलला तर ते या चित्रांत लगेच दिसतं, आणि यादीत एक ओळ वाढवून काम परत सुरू होतं. गावी फक्त सणावाराला जाणं होत असेल तर हा पेन ड्राइव्ह काढून आणा आणि दुरुस्त केलेली यादी पुढच्या खेपेला घेऊन जा. पायला इंटरनेट असेल तर एसएसएचने (दुरून संगणक चालवायची सोय) पुण्यातून बसल्याजागीही ती बदलता येते.